नाव खरवडलेली तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. पण दुकानात मिळतात त्या कडक जातीची नव्हे. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर लाखेसारखा मऊ काळा थर, एवढाच माझा देह. सुई फिरली की त्यातले थोडेसे खरवडून नेते. म्हणून आमच्या जातीचे वय वर्षांत मोजत नाहीत, किती वेळा वाजली यावर मोजतात. पन्नास वेळा म्हणजे भरपूर आयुष्य झाले.

माझा जन्म किंग्स्टनमधल्या एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत झाला, आणि तो ऑस्वल्ड मुशेटमुळे झाला. ऑस्वल्ड तिथे अठरा वर्षे गिटार वाजवत होता. रेगे नावाच्या तिथल्या नाचगाण्यांत, दुसऱ्यांच्या मागे, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला एक छोटासा 'चक्' वाजवायचा, हे त्याचे काम. जेवणाच्या सुट्टीआधी अशी चार गाणी व्हायची. त्या 'चक्'कडे कोणी लक्ष देत नाही. तो काढून टाका, मग बघा नाचणाऱ्यांचे पाय कसे अडखळतात! तबकडीवर मात्र नाव छापायचे ते गायकाचे आणि स्टुडिओच्या मालकाचे. बाकीच्यांना 'आणि वादक' म्हणत, तेही जागा उरली तर.

नोकरीच्या अठराव्या वर्षी ऑस्वल्डने मालकाकडे एकच गोष्ट मागितली. एक धून अशी हवी, जिच्यात गिटार पुढे असेल आणि जिच्यावर नाव त्याचे असेल. मालक वाईट नव्हता, चिकट होता. एका जुन्या टेपवरची तीन मिनिटे त्याने दिली. सोमवारी ती टेप पुसून तिच्यावर दुसरे गाणे भरायचे होते. म्हणून शुक्रवारीच ती धून माझ्यावर उतरवली गेली. ठरले असे, की नाचाला आलेल्या लोकांना आवडली तर ती पुन्हा नीट वाजवून, नाव छापून दुकानात पाठवायची. ऑस्वल्डने बायकोच्या नावावरून धुनेला 'आयसिल्डाचे अंगण' म्हटले आणि माझ्या मधल्या कागदावर ते लिहिले. खाली स्वतःचे पूर्ण नाव, सावकाश, शाळेतल्यासारखे.

मग मी क्लोव्हिसच्या हाती गेले. क्लोव्हिस कपाटाएवढे भोंगे ट्रकवर लादून समुद्रकिनाऱ्यावर नाच भरवायचा. रविवारी दुपारी त्याने मला हातात घेतले आणि आधी बाटलीच्या बुचाने माझा कागद खरवडून काढला. त्याची बाजूही सांगितली पाहिजे: तिथले सगळे साऊंडवाले हेच करत. प्रतिस्पर्ध्यांची माणसे मान लांब करून नावे वाचायला यायची. नाव कळले की तीच धून पुढच्या रविवारी त्यांच्याकडे.

मी वाजले. धून आवडली की लोक टपऱ्यांचे पत्रे बडवतात, मग सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावायची, ही तिथली रीत. त्या दुपारी पत्रे सात वेळा बडवले गेले. गर्दीत ऑस्वल्ड तळलेला मासा हातात धरून उभा होता. मासा गार झाला तरी त्याने घास घेतला नाही. हे वाजवतो कोण, असे लोक विचारत होते आणि क्लोव्हिस नुसता घाम पुसत होता.

"नाव तेवढं सांग ना रे," ऑस्वल्ड नंतर त्याला म्हणाला.

"सांगतो की. उद्या समोरचा तुला उचलून नेईल, मग मी काय मासे तळू? ख्रिसमसला दुकानात आली की नाव कळेलच सगळ्यांना, तोवर थांब, मुशेट. अठरा वर्षं थांबलास, आता चार महिन्यांनी तुझं पोट दुखायला लागलं?"

ऑस्वल्ड हसला आणि थांबला. मित्रांनो, चूक झाली ती इथेच. सात वेळा वाजल्याची चव त्याच्या जिभेवर होती.

डिसेंबरपर्यंत मी चव्वेचाळीस वेळा वाजले होते आणि माझे वरचे सूर गेले होते. दर रविवारी गर्दीत रेनफर्ड नावाचा एक गिटारवाला उभा असायचा. त्याने धून पाठ केली. कोणाची म्हणून विचारले, तर कोणालाच माहीत नव्हते. मग त्याने पलीकडच्या गल्लीतला स्टुडिओ भाड्याने घेतला, आणि मागे 'चक्' द्यायला गावातला सगळ्यात भरवशाचा माणूस बोलावला. ऑस्वल्ड मुशेट.

ऑस्वल्डने कधी कामाला नाही म्हटले नव्हते. तो गेला, वाजवून परत आला. आयसिल्डा सुरण सोलत होती. आज काय वाजवलं, असे तिने विचारले.

"तुझं अंगण."

सुरी थांबली. "आणि तू गप्प बसलास?"

"सगळे तयार होऊन बसले होते. चांगला वाजवतो गं तो. एका ठिकाणी सूर चुकतो त्याचा."

"मग तो तरी सांगितलास?"

"नाही. खरा सूर तेवढा आपल्याकडे राहू दे."

नाताळात रेनफर्डची तबकडी घरोघरी वाजली. आता ही सगळ्यांकडेच आहे, म्हणत क्लोव्हिसने मला परत केले. मालकाने मला एकदा ऐकले आणि म्हणाला, आता काढली तर लोक म्हणतील मुशेटने नक्कल केली. तो खोटे बोलत नव्हता.

पुढची तीस वर्षे मी कपाटात उशीच्या अभ्र्यात होते. ऑस्वल्ड दुसऱ्यांसाठी वाजवत राहिला. पुढे ते काम यंत्र करू लागले आणि त्याच्या बोटांच्या गाठी सुजल्या. उकाड्याने माझा थर कडेला उचकटला होता. अजून एकदा वाजेन, फार तर. हे त्यालाही ठाऊक होते. म्हणून तो मला हात लावत नसे.

एका दुपारी आयसिल्डानेच मला बाहेर काढले. तो नको म्हणाला.

"कुणासाठी ठेवलीयस?" तिने विचारले.

तिने सुई ठेवली. आधी नुसती खरखर झाली, मग तिच्याखालून गिटार आली, बारीक, लांबून आल्यासारखी. आयसिल्डा तिच्यासोबत गुणगुणू लागली. ऑस्वल्डचा हात टेबलावर पडू लागला. दुसऱ्या मात्रेला, चौथ्या मात्रेला.

"स्वतःच्या धुनेतसुद्धा तू मागेच वाजवतोस, ऑस्वल्ड," ती म्हणाली.

अर्ध्यावर माझा थर सुटला आणि सुई घसरली. आयसिल्डाने मात्र धून शेवटपर्यंत नेली आणि त्याचा हात थांबला नाही.

मित्रांनो, आता माझ्यातून काहीच निघत नाही. वाजून वाजून संपले याचे मला दुःख नाही. आमची जात त्यासाठीच असते. पण एखादी गोष्ट आवडून तुम्ही पत्रे बडवाल, तेव्हा ती कोणी केली हे तिथेच विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका. तो माणूस बहुधा तुमच्या शेजारीच उभा असतो.