आबांना तोंड कसं दाखवायचं

"कॅमेरा लाव की रं दादा! आबा कवाधरनं तुझं तोंड बघू म्हणतायत," तिकडून कावेरी ओरडत होती.

"नेट गंडलंय गं," महादू बहिणीला म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. नेट चांगलं ठणठणीत होतं. गंडला होता तो महादू.

झालं होतं असं, की दुबईत रास अल खोरच्या एका गोदामात फ्रेंच लोकांचं शूटिंग चाललं होतं. हाणामारीचा आणि हसवायचा सिनेमा. एक येडपट चोर मित्राला सोडवायला स्वतःच तुरुंगात शिरतो आणि शेवटी दोघं उंटावरून पळतात. तुरुंग प्लायवुडचा, गज प्लास्टिकच्या पाइपाचे. तो सगळा ठोकला महादूच्या कंपनीतल्या सुतारांनी. तुरुंग उभा राहिला आणि कैदी कमी पडले. सुपरवायझर मुनीर म्हणाला, "यल्ला, तुम लोग ही बैठ जाओ." बसले बिचारे.

कैद्यांना टक्कल हवं होतं आणि मिशी नको होती. मशीन बघताच रत्नागिरीचा सतीश उठून उभा राहिला. "आमचा बापूस जिवंत हाय. तो असताना मी मिशी उतरवायचा नाय, काय करायचं ते करा!" त्याला परत माल उतरवायला धाडलं. महादू मात्र खुर्चीत बसला. एवढी वर्षं आखातात काढलेला माणूस तो, बस म्हटलं की बसायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. अर्धं डोकं झाल्यावर त्याला आबा आठवले. पण तसलं अर्धं डोकं घेऊन जाणार कुठं? पाठोपाठ मिशीही गेली. आरशात बघून त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही. नुसतं बधिर वाटलं.

इकडं करमाळ्याजवळच्या गावात आबा अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. महादूनं रजा मागितली, तर ऑफिस म्हणालं, शूटिंग संपू दे, कैदी मधेच गायब झाला तर सीन जुळत नाही. म्हणजे खोट्या तुरुंगातूनही सुटका नाही, घ्या! म्हाताऱ्याचं मागणं तरी काय, पोराचं तोंड एकदा डोळ्यांनी बघायचं. आणि पोराचं तोंड हे असं, बाप गेल्यावर होतं तसं. डोकं टोपीखाली झाकता येतं. मिशीचं काय करणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा व्हिडिओ कॉल आला. या खेपेला कावेरी ओरडली नाही.

"दादा, आबा सकाळधरनं पाणीबी घेईनात. आता नेटचं नको सांगूस."

महादूनं फोन डब्याला टेकवला. टोपी काढून बाजूला ठेवली आणि कॅमेरा लावला.

"अगं आई गं!" कावेरीनं तोंडाला पदर लावला. "हे काय करून बसलास रं?"

तिनं फोन आबांपुढं धरला. आबांनी डोळे बारीक करून बघितलं.

"कोण गेलं रं?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई, आबा. शिनेमा हाय. कैदी झालोय, खोटा खोटा."

आबांना हसू आलं की खोकला, ते कळलं नाही.

"बरं केलंस, उरकून घेतलंस," ते म्हणाले. "नंतर तुला यायला कुठलं जमतंय? ठावं हाय मला."

"असं नका बोलू आबा. इन्शाल्ला..." महादूच्या तोंडून निघालं. कितीतरी महिन्यांनी आपल्याला रडू येतंय, हे त्याला उशिरा समजलं.

"वाक जरा," आबा म्हणाले. "नीट काढलंय का बघू."

महादू फोनपुढं वाकला. खाली त्याला नुसती फरशी दिसत होती. मग कावेरीचा बारीक आवाज आला, "काचेवरनं हात फिरवतायत रं, दादा. वर बघू नकोस."

बाहेर मुनीर हाका मारत होता, "यल्ला, कैदी लोग, चलो!" महादू तसाच वाकून राहिला.