पिवळा माळ

"जगात कोट्यवधी माणसे उपाशी झोपतात आणि त्याच जगात कोट्यवधी एकर जमीन रिकामी पडून आहे," मुनवर सर म्हणाले, तेव्हा अकरावीच्या, म्हणजे त्या काळच्या मॅट्रिकच्या, वर्गात बिरूइतके कान देऊन ऐकणारे दुसरे कोणी नव्हते. उमरग्याहून भूगोल शिकवायला आलेले सर पुस्तकापाशी थांबणाऱ्यांतले नव्हते. देशोदेशीचे भूगोलतज्ज्ञ सध्या एकाच पद्धतीने, ठरलेल्या रंगांत जमिनीचे नकाशे करीत आहेत. आपणही आपल्या गावाचा करू, असे त्यांनी सांगितले. पिकाला तपकिरी, चराईच्या माळाला नारिंगी, वापरात नसलेल्या माळाला पिवळा. आफ्रिकेतला पिवळा तोच आपला पिवळा. धनगराच्या घरातून मॅट्रिकपर्यंत पोचलेला बिरू हा पहिलाच मुलगा. आपले गाव जगाच्या नकाशात जाणार म्हणून तो हरखून गेला होता.

फाल्गुन होता. कामाच्या वाटणीत बिरूकडे गावठाण आले आणि वरचा माळ रेवणसिद्धकडे गेला. रेवणसिद्ध हा सरपंच धोंडप्पांचा पुतण्या. त्याने एका दुपारी माळावर चक्कर मारली आणि सगळा माळ पिवळा रंगवून टाकला.

"हे काय केलंस?" बिरूने विचारले.

"काय केलं? हिंडून आलो की. ना शेळी, ना मेंढरू. एक होला तेवढा उडताना दिसला. त्याच्यापायी नारिंगी करू व्हय?"

वर्ग हसला.

"मेंढरं दिसतील कशी? ती तुझ्या काकाच्या रानात बसल्यात. खत पायजे म्हणून तूच बोलवायला आलतास न्हवं आमच्या घरी?"

"मग तिथं लाव नारिंगी. काकाला सांगतो, तुमच्या रानाला नवा रंग आलाय."

पुन्हा हशा झाला. बिरू सरांकडे वळला. "सर, आता रानं मोकळी हायेत, म्हणून कळप खाली आलाय. मिरगात पेरा झाला की गावातली सगळी मेंढरं त्या माळावरच जगतात, पार पिकं निघस्तवर. दुसरी जागाच न्हाय."

सरांनी थोडा विचार केला. "तू म्हणतोस ते खरे असेल. पण नियम एकच आहे. पाहणीच्या दिवशी जे डोळ्यांना दिसले, तेच रंगवायचे. ऐकीव गोष्टींवर नकाशा होत नसतो."

"ऐकीव?" बिरू म्हणाला. त्या माळावर तो लहानाचा मोठा झाला होता.

"खाली बस, बिरू."

तो बसला. नकाशावर सरांनी सही केली.

पंधरवड्याने विकास ब्लॉकचे साहेब शाळेत आले. नकाशा भिंतीवर लावलेला होता. बरोबर आलेल्या धोंडप्पांनी पिवळ्या रंगावर बोट ठेवले. "साहेब, गावची एवढी जमीन फुकट पडलीया. मी म्हणलो असतो तर लोक म्हणले असते, सरपंचाचा माळावर डोळा हाय. पण हे तर शाळेनं शोधून काढलंय."

साहेब खूश झाले. अन्नोत्पादनाच्या योजनेत हा माळ वाटपाला घेऊ, मृगाच्या आधी नांगरट झाली पाहिजे, असे म्हणून त्यांनी नकाशा प्रस्तावाला जोडण्यासाठी उतरवून घेतला.

सरांचा चेहरा पडला. "साहेब, हा विद्यार्थ्यांचा अभ्यास आहे. पावसाळ्यात पुन्हा पाहणी करून मग..."

"मास्तर," धोंडप्पा हसत म्हणाले, "खाली सही तर तुमचीच हाय की."



धोंडप्पांवरचा राग बिरूला नवा नव्हता. गावात त्यांचा राग कोणाला येत नव्हता? आज मात्र त्याच्या कानशिलांत जे रक्त उसळत होते, ते सरांमुळे. ज्या माणसाने त्याला जगातली भूक समजावून सांगितली, त्यानेच त्याच्या कळपापुढचा चारा काढून घेतला होता, आणि तोही नियमाने, शांतपणे, खाली बस म्हणून.

सरांनी त्याला व्हरांड्यात गाठले. "आपण श्रावणात पुन्हा नकाशा करू. माळाचे काम तू कर."

"श्रावणात माळ कुठला, सर? सगळं तपकिरी रंगवावं लागंल. डोळ्यांना दिसंल तेच."

बिरू तडक धोंडप्पांच्या रानात गेला. निम्म्या रानात खतासाठी कळप बसवून झाला होता, निम्मे बाकी होते. त्याचे वडील बब्रुवान मेंढरांभोवती लावायच्या जाळ्याच्या मेखा ठोकत होते.

"बा, मेंढरं उठवा."

"का रं?"

बिरूने सगळे सांगितले. बब्रुवान खाली बसले. म्हणाले, "ठरलेलं मोडायचं कसं? खताच्या बदल्यात जवारी कबूल केलीया त्यानं."

"त्या जवारीवर पावसाळा काढणार हाय का कळप? त्यानं आमचा माळ मोडायचा आणि आमी त्याचं रान पिकवून द्यायचं?"

"तुमच्या मास्तरांना कळंना व्हय एवढं?"

"कळलं. सही केल्यावर."

बब्रुवान उठले. त्यांनी नुकतीच ठोकलेली मेख हलवून उपटली. दुसऱ्या टोकाकडून बिरू जाळे गुंडाळत आला. धोंडप्पांचा सालगडी विहिरीवरून ओरडत धावला, "अरं, निम्मं रान बाकी हाय! मालकाला काय सांगू?"

"सांग," बिरू म्हणाला, "ते बी पिवळं रंगव म्हणावं."

आणि त्याने कळप हाकलला.