रेघ संपते तिथे

तपासनीसबाईंचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. डेटाबेसमध्ये बिंदू, रेघा, वर्तुळं जिथे साठवतात, तो भाग तपासायला यंदा त्यांच्याकडे परत आला होता, आणि समोर होता एका निवृत्त गणित मास्तरांनी सुचवलेला बदल. पाचव्या वर्षी पाचव्यांदा पाठवलेला पॅच, म्हणजे प्रोग्रॅममधली दुरुस्ती. यंदा परत आला तर पुन्हा पाठवणार नाही, असं मास्तरांनी खाली लिहिलं होतं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. बिंदूपासून रेघेचं अंतर काढताना प्रोग्रॅम संपलेली रेघ मनानेच पुढे ओढतो आणि त्या नसलेल्या रेघेपर्यंत मोजतो. चार वर्षं चार तपासनीसांनी एकच शेरा मारला होता: टेस्ट नापास, उत्तर चार हवं, पाच येतंय. टेस्ट म्हणजे प्रोग्रॅमचं उत्तर आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरपत्रिकेशी ताडून बघणं.

बाईंनी कागदावर टेस्टमधल्याच मापाने रेघ आखली, तिच्या टोकापलीकडे वरच्या अंगाला ठिपका दिला आणि कागद घरातच शिवणाच्या मशीनवर बसलेल्या आत्याकडे सरकवला. आत्याने गळ्यातली टेप रेघेच्या टोकापासून ठिपक्यापर्यंत लावली.

"पाच," ती म्हणाली. "यात विचारण्यासारखं काय आहे गं?"

आता मात्र बाईंचा पारा चढला. चार-चार शहाणे, आणि एकालाही मोजून बघावंसं वाटू नये? उत्तरपत्रिकेत चार आहे ना, मग मास्तर चूक! त्यांनी गटाच्या प्रमुख साहेबांना फोन करून चांगलं सुनावलं. साहेबांचं एकच पालुपद, टेस्ट नापास तर पॅच परत.

मग बाईंनी प्रोग्रॅमवर काम करणाऱ्या सगळ्या गटाला, मास्तरांनाही, पत्र लिहायला घेतलं. ही उत्तरपत्रिका बनवणारा आळशी आहे, बेफिकीर आहे, प्रोग्रॅमने जे ओकलं तेच त्याने मक्षिकास्थाने मक्षिका उतरवलं, असं लिहिलं. नाव तेवढं घालायचं राहिलं होतं. त्यासाठी त्यांनी ही उत्तरपत्रिका कुणी बनवली याची अकरा वर्षांपूर्वीची नोंद उघडली.

नाव त्यांचंच होतं.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उत्तरपत्रिकेतलं चार गुपचूप पाच करता आलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. पण इतका वेळ जो राग दुसऱ्यांवर काढला, तो आता कुठे ठेवायचा? त्यांनी पत्रातला एकही शब्द गाळला नाही. मोकळ्या जागेत आपलं नाव घातलं, पत्र पाठवलं, उत्तरपत्रिकेत चारचं पाच केलं आणि पॅच मंजूर केला.

तासाभरात मास्तरांचं उत्तर आलं. "तुमचं नाव मी पहिल्याच वर्षी वाचलं होतं. ज्याची चूक त्याने शोधावी, म्हणून बोललो नाही. पण चार वर्षं फार झाली, बाई."