दप्तरातला सह्याद्री

शनिवारी लतिकाबाईंना काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. चौथीला सह्याद्री शिकवताना फळ्यावरच्या डोंगरानं त्यांचं समाधान होईना, म्हणून त्या सांगून बसल्या, "सोमवारी प्रत्येकानं एक काळा दगड आणायचा. थरावर थर रचून आपण सह्याद्री करू."

रविवारी संयुक्त महाराष्ट्रासाठी पेटलेल्या लोकांनी चौपाटीवरची सभा दगड फेकून उधळली. सोमवारी गिरण्या बंद, लालबागच्या नाक्यावर पोलीस, आणि हातात दगड दिसला की माणूस थेट गाडीत. शाळेला मात्र सुट्टी नव्हती. येताना बाईंनी हे सगळं पाहिलं आणि त्या झपाझप शाळेकडे निघाल्या. चाळीस पोरं आज दप्तरात दगड घेऊन निघाली होती, तीही त्यांच्याच सांगण्यावरून.

पोर आलं की बाई आधी त्याचे हातपाय बघत, मग दगड ठेवून घेत. कुणी रुळांमधली खडी आणली होती, कुणी पाट्याचा तुटका कोपरा. अकराला एकोणचाळीस दगड झाले. राधा नव्हती. तिची चाळ नाक्याच्या पलीकडे.

"कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या. आगीचा रस वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. मग पश्चिमेची बाजू खचली आणि उरला तो काठ म्हणजे सह्याद्री." तोंड शिकवत होतं, डोळे दाराकडे होते. तेवढ्यात नाक्यावरून गलका ऐकू आला. बाईंनी पोरं धोंडू शिपायाच्या हवाली केली आणि अनवाणीच जिना गाठला.

राधा एकेक पायरी चढत वर येत होती.

"दगड टाकलास ना गं वाटेत?"

"नाय बाई, आणलाय."

"पोलिसांनी अडवलं नाही?"

"अडवलं. हवालदार बोलला, हे काय? मी बोलले, सह्याद्री. शनिवारचं सगळं सांगितलं त्याला."

"मग?"

"बोलला, आमच्या गावचा डोंगर असलाच आहे. मग त्यानंच दगड दप्तराच्या तळाला घातला, वर पाटी ठेवली. बोलला, पुढे साहेब उभा आहे, पळू नको."

बाई पायरीवर बसल्या आणि त्यांनी राधाला दप्तरासकट जवळ ओढलं.

"रागावू नका ना बाई," राधा म्हणाली, "हळू चालले म्हणून उशीर झाला."