दुभाष्याचा नियम

नियम संपला होता. हॉस्पिटलच्या फोनवरच्या बाईने ही बातमी इतक्या गोड आवाजात दिली, की सम्यकला फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये इंग्रजी न येणाऱ्या पेशंटला ऑपरेशनची संमती द्यायची असली, की तिऱ्हाईत दुभाषा मिळायचा. घरच्यांनी मध्ये बोलायचं नाही, असा सरकारी एजन्सीचा नियमच होता. पण तो मुदतीचा. पार्लमेंटने वेळेत पुन्हा होकार दिला नाही, तर आपोआप बाद. जुलै सरला, खासदार सुट्टीवर गेले आणि होकार द्यायचा राहून गेला.

"म्हणजे रद्द कोणी केला?" सम्यकने विचारलं.

"कोणीच नाही, सर. लॅप्स झाला."

"मग पुन्हा चालू कोण करणार?"

"पार्लमेंट. ऑक्टोबरमध्ये."

"माझ्या आईचं ऑपरेशन याच महिन्यात आहे."

"नियम नाही म्हणून दुभाषा नाही, सर. पण आता घरचं माणूस चालतं. तुमची तर सोयच झाली."

म्हणे सोय. चांगला चाललेला नियम, कोणी विरोध केला नाही, कोणी नको म्हटलं नाही, नुसतं हात वर करायला कोणी जागेवर नव्हतं म्हणून गेला. याला काय राज्य चालवणं म्हणायचं? त्याने खासदाराच्या ऑफिसला मेल केला, तर उत्तर आलं की साहेब सुट्टीवर आहेत. मिल्टन कीन्स शहरातला मित्र म्हणाला, "अरे, तुला मराठी येतं, इंग्रजी येतं, मग डोकं कशाला पिकवतोस?" सम्यक त्याच्यावरही खेकसला.

खरं कारण त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. आईला, म्हणजे कांताबाईंना, त्याने पोटात गाठ आहे एवढंच सांगितलं होतं. कॅन्सर हा शब्द घरात येऊच दिला नव्हता. आपल्याकडे तसंच करतात. बाबांच्या वेळीही सगळ्यांनी मिळून तसंच केलं होतं. ऑपरेशन करायचं, हेही त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. राहिला तो शब्द; सहीआधी तो आईला सांगणं भाग होतं. तो दुभाष्याने सांगावा आणि आपण बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं राहावं, असा त्याचा बेत होता. तो बेत पार्लमेंटच्या सुट्टीने धुळीला मिळवला.

ठरल्या दिवशी सर्जनबाई बराच वेळ शांतपणे बोलल्या. आतड्याचा कॅन्सर आहे. ऑपरेशन केलं तर पोटावर कायमची पिशवी राहील, आणि या वयात धोकाही आहे. न करता नुसत्या औषधांवर राहिलं, तर आयुष्य कमी मिळेल, पण त्रास कमी होईल. निर्णय तुमच्या आईचा. मग त्या सम्यककडे बघत थांबल्या.

"गाठ काढायची म्हणतात," सम्यक म्हणाला. "इथे सही कर."

कांताबाईंनी पेन घेतलं नाही. नागपूरच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या त्या कित्येक वर्षं अध्यक्ष होत्या. ठराव अख्खा वाचून दाखवल्याशिवाय त्यांनी एकाही बाईला त्याखाली सही करू दिली नव्हती.

"ती बाई एवढी बोलली," त्या म्हणाल्या, "अन् तू एवढंच?"

"इंग्रजीत लांबण लावतात, आई."

"काय लपवून राहिला?"

सम्यकने पेन पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.

"तुझ्या बाबांना कोणी सांगितलं नाही," कांताबाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत रोज विचारायचे, मला औषध काऊन लागू पडत नाही. माझ्यासंग तसं नको करू."

आठवडाभर सम्यक सगळ्या जगावर भडकलेला होता. आता ज्याच्यावर भडकावं असं खोलीत कोणीच नव्हतं. तो उठला, सर्जनबाईंच्या बाजूची आपली खुर्ची ओढत आईशेजारी आणली आणि तिचा हात धरून बसला.

"प्लीज, पहिल्यापासून सांगा," तो सर्जनबाईंना म्हणाला. "एकेक वाक्य."

पहिल्याच वाक्यात तो शब्द होता. सम्यकने ते वाक्य मराठीत सांगितलं, शब्दासकट.

कांताबाईंनी पदर सावरला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता पुढचं सांग."