एकशे साठ किलो जास्त

त्या दिवशीचं ऊन काही विशेष नव्हतं. रोजच्यासारखंच ते आधी नाक्याच्या पत्र्याच्या छपरावर उतरलं, आपलेही कागद तपासायचे असावेत तसं तिथं क्षणभर थांबलं, आणि मग रांगेतल्या पहिल्या ट्रकच्या टपावरून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या टपावरून तिसऱ्याच्या, असं सावकाश मागं सरकत आलं. ताडपत्र्यांच्या सुरकुत्यांत साचलेलं दव त्यानं आधी रुपेरी केलं, मग पिवळसर, आणि शेवटी काही गाजावाजा न करता नाहीसं केलं. डांबरावरच्या तेलाच्या डागात ते जरा रेंगाळलं. चौदाव्या ट्रकपाशी आल्यावर समोरच्या काचेतून आत शिरलं, पण आत त्याला जागा शोधावी लागली. फुलाफुलांचा पडदा, दोन कुंड्या, किटलीचं पोट, घड्याळाची काच, फळीवरच्या पुस्तकांच्या कडा, हँगरला लटकलेला इस्त्रीचा शर्ट, असं करत करत ते कसंबसं ड्रायव्हरच्या मिटलेल्या पापण्यांपर्यंत पोचलं.

पापण्यांच्या आत पसरणारा तो लालसर उजेड बघत पडून राहणं ही त्याची दिवसातली सर्वांत सुखाची पाच मिनिटं होती. ती संपली, की तो उठून बसे आणि नाक्याला शिव्या घालायला सुरुवात करी.

नाक्यावर त्याला सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणत. सव्वीस वर्षं सीमेच्या या बाजूचा माल त्या बाजूला आणि त्या बाजूचा या बाजूला करणाऱ्या माणसानं कोर्टाची पायरी कधी चढली नव्हती, पण तपासणीचा एकही मुद्दा तो बिनविरोध जाऊ देत नसे. टायरची झीज मोजली, की तो मोजपट्टीच्या उलटतपासणीला लागे. सील पाहिलं, की कुठल्या परिपत्रकान्वये पाहिलं ते विचारी. बाजूच्या आवारात गाडी घ्यायला सांगितली, की आपल्यावरच डूख धरला आहे, हे तो आवारातल्या कुत्र्यालासुद्धा पटवून देई. कुत्रा ऐकून घेई. बाकीच्यांना कामं होती.

सव्वासातला बायकोचा फोन आला.

“उठलात का?”

“कधीचा. रांगेत आहे. हे लोक सोडतील तेव्हा सुटायचं.”

“हे माझं पाठ आहे. तुमच्या आधी मी म्हणून दाखवते हवं तर.” ती हसली. “आज टेम्पो येतोय चारला. घर हलतंय आपलं, लक्षात आहे ना?”

“अगं, येतो म्हटलं ना! गोदामात फरशा उतरवल्या, की पंधरा मिनिटांत दारात.”

“नाही, म्हटलं विचारावं. बांधाबांध करायला बसले, तर तुमची खोकी कुठली तेच कळेना. तुमची खुर्ची नाही, इस्त्री नाही, पुस्तकं नाहीत. हॉलमधलं घड्याळ दुरुस्तीला दिलंत, त्याला दीड वर्ष झालं. दुरुस्त करतोय की नवीन घडवतोय तो?”

त्यानं डोक्यावरच्या घड्याळाकडं पाहिलं. ते अगदी बरोबर चाललं होतं.

“विचारतो त्याला.”

“विचारा. आणि एक. नव्या घरात भिंतीतली कपाटं दोन आहेत. एक तुमचं धरायचं की नाही, ते चारच्या आत स्वतः येऊन सांगा. फोनवर नको. आला नाहीत, तर दोन्हीत माझे कपडे लावीन, आणि मग मला काही समजावायला येऊ नका.”

तिचा सूर हसराच होता. पण फोन ठेवल्यावर ते शेवटचं वाक्य केबिनमध्ये मागं राहिलं, आणि ते काही हसत नव्हतं. नाक्यापासून निघून, फरशा उतरवून घरी पोचायला अडीच तास लागत. म्हणजे फार तर दीडपर्यंत सुटायला हवं होतं. त्यानं शर्ट चढवला, कुंड्यांना पाणी घातलं आणि पुढच्या ट्रकवाल्याला विनाकारण हॉर्न दिला.

साडेदहाला त्याची गाडी काट्यावर चढली. काटेवाल्याचं गणित साधं होतं: गाडी तीन वर्षांपूर्वी नवी आली तेव्हाचं रिकामं वजन, त्यात कागदावरचा माल, त्यात टाकीतलं डिझेल. शंभर किलोपर्यंत फरक असला, तर बाजूच्या आवारात अर्धा तास चाचपणी व्हायची. वकीलसाहेबांचा फरक कधी चाळीस, कधी सत्तर, गेल्या खेपेला पंच्याण्णव असा भरत आला होता.

“वकीलसाहेब,” काटेवाला खिडकीतून म्हणाला, “एकशे साठ जास्त.”

“काटा बिघडलाय.”

“तुमच्या पुढच्या तेरा गाड्यांना बरोबर होता.”

“तेरा जणांना बरोबर दाखवायचं आणि चौदाव्याला गाठायचं, हीच तर याची खोड आहे!”

काटेवाल्यानं काट्याची बाजू घेतली नाही. नुसती गुलाबी चिठ्ठी फाडून दिली. शंभराच्या वरची, म्हणजे पुऱ्या तपासणीची.

आवारातल्या तपासनीस मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या, आणि जे बोलत ते इतक्या शांतपणे, की भांडायला आलेल्या माणसाला आपला आवाज उगाच मोठा वाटू लागे. त्यांनी चिठ्ठी पाहिली, सील पाहिलं, फरशांच्या पेट्या मोजून घेतल्या. सगळं जिथल्या तिथं होतं. मग त्यांनी मान वर करून केबिनच्या पडद्याकडं पाहिलं.

“केबिन रिकामी करा, वकीलसाहेब.”

“मॅडम, केबिनमध्ये काय असणार? किडूकमिडूक.”

“मग लवकर होईल.”

लवकर झालं नाही. गादी निघाली, दोन उशा निघाल्या, पाण्याचे दोन मोठे कॅन निघाले. शेगडी, छोटा सिलिंडर, कुकर, तवा, डबे. बिछान्याच्या खालून पत्र्याची पेटी आणि तिच्या मागून हिवाळ्याच्या कपड्यांची बॅग. इस्त्री. घडीची खुर्ची. फळी, आणि फळीवरची पुस्तकं. सतरंजी. घड्याळ. कुंड्या तर त्यानं लेकरासारख्या काखेत धरून उतरवल्या.

आवारात तपासणीसाठी सिमेंटचा लांब ओटा होता. सामान त्यावर टाकायचं असतं. पण टाकणं त्याला जमेना. त्यानं आधी सतरंजी अंथरली. गादी भिंतीच्या कडेनं घातली, तिच्या उशाशी फळी उभी करून पुस्तकं नीट लावली. खुर्ची उजेडाकडं तोंड करून ठेवली, कुंड्या उन्हात सरकवल्या, आणि भिंतीत एक खिळा दिसला, त्याला घड्याळ अडकवलं. मागं सरून ते सरळ आहे की नाही, हेही पाहिलं.

आसपासच्या गाड्यांचे ड्रायव्हर एव्हाना जमले होते. त्यातला एक जाडजूड गडी ओट्याच्या कडेशी येऊन अदबीनं उभा राहिला.

“वकीलसाहेब, चपला बाहेर काढू की आत चालतील?”

“निघ! कामधंदा नाही का?”

“नाही, घर छान लावलंय म्हटलं. वहिनी दिसत नाहीत कुठं?”

सगळे हसले. वकीलसाहेबांनाही हसायचं होतं. तोंड उघडलंही. पण समोर सकाळच्या उजेडात मांडलेली ती खोली, जिला तीन बाजूंनी भिंती नव्हत्या आणि तरी कसलीच उणीव भासत नव्हती, त्यानं आजवर एकदम अशी कधी पाहिली नव्हती. सामान एकेक करून आलं होतं. एका उशीला कोण घर म्हणतं?

हमालानं सगळं पुन्हा उचलून छोट्या काट्यावर तोललं. एकशे छप्पन किलो.

“बघा!” त्यानं बोट नाचवलं. “चार किलोंचा फरक! काटा चुकतोच!”

मॅडमनी त्याला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं. त्यांची नजर त्याच्या पट्ट्यापाशी थांबली.

“गाडीबरोबर ड्रायव्हरही तोलला जातो,” त्या म्हणाल्या. “ते चार तुमचे.”

मग त्यांनी कपाटातून एक लांबट फॉर्म काढला. ड्रायव्हरला अंगच्या गरजेपुरतं पन्नास किलो सामान नेता येतं. गुलाबी चिठ्ठी फाटली, की त्यावरचं सगळं घरसामान धरलं जातं, आणि घरसामान सीमेपलीकडं कुणाला नेता येतं, तर ज्यानं राहतं घर बदललं आहे त्याला. हे त्यांनी पाढे म्हणावेत तसं सांगितलं.

“पण मी कुठं घर बदललंय?”

“मग सामान जप्त होईल. पंचनामा, पंच, सही. तीन दिवस. गाडी इथंच.”

“मॅडम, आजच घर बदलतोय आमचं! चारला टेम्पो आहे!” या योगायोगावर तो इतका खूश झाला, की ओट्यावर बसलाच. “हेच लिहा. आजची तारीख.”

“टेम्पोत तुमचं काय जाणार आहे?”

बायकोनं सकाळी मोजून दाखवलेली एकेक वस्तू त्याच्यासमोर ओट्यावर होती.

“मग गेल्या महिन्याची लिहा,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “शंभराच्या आत होतो ना तेव्हा.”

“खोट्या तारखेला परवाना जातो.” मॅडमनी टेबलाखालून जाड वही ओढली. “तुमच्या प्रत्येक तपासणीत केबिनमध्ये नवीन काय दिसलं, ते टिपलेलं आहे. वाचू? तीन वर्षांपूर्वी, चौदा जून. उशी, एक. वीस जून, चादरी दोन, किटली. जुलै, इस्त्री. इस्त्रीवर तुम्ही पाऊण तास युक्तिवाद केला होता.”

चौदा जून. दहा जूनला लेक दूरच्या शहरात नोकरीवर रुजू झाली होती. तिला निरोप द्यायलाही तो पोचला नव्हता. नाक्यानं अडवलं, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. त्यानंतर घरी गेला तेव्हा जेवायला दोघंच होते. बायकोनं वाढलं, तो जेवला. लेक असताना ते दोघं तिच्यातर्फे एकमेकांशी बोलत, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. ‘बाबांना विचार’, ‘आईला सांग’. आता विचारायला आणि सांगायला मधे कुणी नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलत होतं. पुढं एकदा त्यानं तेच उतरवून नेलं. केबिनमध्ये त्या टिकटिकीचा त्रास होत नसे.

“आणि हा मुक्कामाचा रकाना,” मॅडम म्हणाल्या. “रात्री दहाला पोचलात, सकाळी रांगेत लागलात. परत रात्री दहा, परत सकाळी. वकीलसाहेब, नाका चोवीस तास उघडा असतो. रात्री रांगच नसते.”

“रात्रीचे नियम कडक असतात.”

“रात्री कधी कधी मीच असते. नियम हेच असतात. मी जरा पेंगत असते, एवढंच.”

त्याच्याकडं आणखी बरेच मुद्दे होते. गेल्या तीन वर्षांत एकदाही त्याचे मुद्दे संपले नव्हते. पण ते आठवू म्हटलं तर एकही जागेवर सापडेना, आणि मॅडम घाई करत नव्हत्या. पेनाचं टोपण काढून त्यांनी पेन त्याच्यापुढं धरलं होतं. फॉर्मवर तिसरा रकाना मोकळा होता: राहतं घर बदलल्याची तारीख.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यानं पेन घेतलं. चौदा जून लिहिलं. वर्ष लिहिताना हात थांबला, तसं मॅडमनी वहीवरचं बोट किंचित पुढं सरकवलं. त्यानं तेही लिहिलं. खाली सही केली. शिक्का पडला.

“आता भरा,” त्या म्हणाल्या. “मांडत बसू नका. नुसतं भरा.”

तो जाडजूड गडी न सांगता पुढं आला आणि गादी उचलू लागला. चपलांचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. आणखी दोघं आले. वीस मिनिटांत ओटा रिकामा झाला. शेवटची कुंडी आत ठेवून वकीलसाहेब स्टिअरिंगवर बसले, किल्ली फिरवणार, इतक्यात फोन वाजला.

“काय हो,” बायको म्हणाली, “काय म्हणतोय तुमचा नाका? किती वाजेपर्यंत अडवणार आहे?”

“सुटलो. निघालोच.”

हे उत्तर तिच्या पाठांतरात नव्हतं.

“आणि कपाटाचं काय ते...”

“ते येऊनच सांगणार आहे. फोनवर दुसरं सांगायचंय.”

“मग सांगा की. टेम्पोवाल्यानं आधीच दोनदा फोन केलाय.”

समोर फाटकाचा दांडा वर जात होता. दांड्यापलीकडचा रस्ता अगदी मोकळा होता, आणि तो रोजच इतका मोकळा असे.

“नाक्यानं मला कधी अडवलं नव्हतं,” तो म्हणाला. “मीच घरी येत नव्हतो.”