नऊ फाटकं

"आं," असं पुटपुटत आन्सेल्मने पहिल्या फाटकाच्या पेटीत पत्र टाकलं.

मादाम एस्कांद खिडकीतून डोकावल्या. "काय रे आन्सेल्मा, रोज माझ्याच दारात येऊन कण्हतोस? दाढ दुखतेय का?"

त्याने नुसती मान हलवली आणि सायकल पुढे काढली. हा पोस्टमन बोलेल तर शपथ! सात वर्षांचा असताना शाळेत तपासनीस आले होते. 'आंतीकोंस्तीत्यूस्योंनेलमां', म्हणजे राज्यघटना डावलून. फ्रेंच भाषेतला हा सगळ्यात लांबलचक शब्द प्रत्येकाने टाळ्या वाजवत, तुकडे पाडून म्हणायचा होता. आन्सेल्म पहिल्याच टाळीला अडला. आं, आं, आं. वर्ग पोट धरून हसला. त्या दिवशी त्याने तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच.

आता एप्रिलात निवृत्ती. गावच्या रिवाजाप्रमाणे नगरसभेत पेले भरणार आणि निवृत्त होणाऱ्याने चार शब्द बोलायचे. चार नकोत, शाळेतला तो एकच बोलायचा, असं त्याने ठरवलं. शब्दाचे तुकडे नऊ, गल्लीतली फाटकंही नऊ. दर फाटकाला एक तुकडा, असा हिवाळाभर सराव चालला होता.

हे गुपित फक्त नवव्या फाटकातल्या बेर्तीयला ठाऊक होतं. त्या वर्गात न हसलेली ती एकटीच. तो "मां" म्हणाला की ती म्हणायची, "आलं बाई एकदाचं शेपूट!" फेब्रुवारीत ती गेली. पत्र नसलं तरी तो त्या बंद फाटकाशी थांबायचाच.

तो दिवस उजाडला. मेयर म्हणाले, "बोल की गड्या, पेले वाट बघताहेत!"

"आं... आं..." मागे कुणीतरी खुसखुसलं.

"अगोबाई, हे तर माझ्या दारातलं!" मादाम एस्कांद ओरडल्या. "आं झालं. पुढे काय रे?"

"ती," शेजारचा खाटीक चाचरत म्हणाला. "मला रोज 'ती'च म्हणतो."

"आमच्याकडे कों!"

"स्ती!"

पाचवं घर, सहावं, सातवं. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा होता आणि पुढे काय येतंय याची सगळ्यांनाच उत्सुकता लागली. आठव्या घरातल्या म्हातारीने "ल" म्हटलं. नवव्या घरातून बोलायला कुणीच नव्हतं.

आन्सेल्मने पेला खाली ठेवला.

"मां," तो म्हणाला. स्पष्ट, कुठेही न अडता. मग खालच्या आवाजात, "आलं बाई एकदाचं शेपूट."